डबल्सला सकाळची वेळ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी या जोडीवरचा आपल्या क्रीडापानावरील लेख वाचला. कोकण आवृत्तीत क्रिकेट-कबड्डीच्या गर्दीतून बॅडमिंटनला, त्यातही डबल्सला, अर्धे पान मिळाले याबद्दल आभार. पण त्या अर्ध्या पानातली निम्मी जागा ताशी ५६५ किलोमीटरच्या स्मॅशने (वरून खाली जोरात मारलेल्या फटक्याने) खाल्ली, म्हणून हे पत्र.

आकडा खरा आहे. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधल्या सोका इथे, रॅकेट बनवणाऱ्या कंपनीच्या व्यायामशाळेत सात्त्विकने तो मारला आणि त्याने २०१३ चा ४९३ चा विक्रम मोडला. पण तो सामन्यातला फटका नाही, आणि मोजला आहे तो शटल तारांवरून सुटतानाचा वेग. पिसांना हवा इतकी धरते की नेटपलीकडच्या खेळाडूपर्यंत येताना त्यातला निम्म्याहून जास्त वेग गळून गेलेला असतो. समोर चांगला बचाव करणारी जोडी असेल, तर नुसत्या जोरावर मारलेला स्मॅश परत येतोच. असा आकडा छापून आला की आठवडाभरात हॉलवर बारा-तेरा वर्षांची मुले रॅकेटच्या तारांना २८ पौंडांचा ताण मागतात. त्या वयाला २० ते २२ पौंड पुरे आहेत. ताण वाढला की तारांवरची नेमकी जागा लहान होते, शटल मागच्या रेषेपर्यंत जात नाही, मूल खांद्याऐवजी कोपरातून जोर काढते आणि दोन महिन्यांत कोपर धरून बसते.

या जोडीची कारकीर्द उभी राहिली ती दुसऱ्याच गोष्टीवर. चिरागचा जन्म १९९७ चा, मुंबईचा. गोरेगावात उदय पवार यांच्या अकादमीत तो घडला, मग हैदराबादला गोपीचंद अकादमीत गेला. सात्त्विक २००० चा, आंध्रातल्या अमलापुरमचा. २०१६ च्या सुमारास मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर यांनी दोघांना एकत्र आणले, तेव्हा दोघेही उंच, दोघेही मागून मारणारे. आपल्याकडच्या कोणत्याही निवड समितीने 'दोन्ही मागचे, पुढे कोण उभा राहणार?' म्हणून ही जोडी पहिल्याच दिवशी मोडली असती. तान यांनी ती मोडली नाही. चिराग नेटवरचे काम शिकला, सात्त्विक सर्व्हिस आणि ड्राइव्ह (नेटवरून सपाट जाणारा वेगवान फटका) शिकला, आणि काही वर्षांत जगातल्या जोड्यांना कळेना की यातल्या कुणाला मागे ढकलावे, कारण मागे कोणीही गेला तरी वरून उतरणारा स्मॅश तोच.

चिराग पुढे नेमका कुठे उभा असतो, ते टीव्हीवर बघावे. नेटला चिकटून तो क्वचितच असतो. शॉर्ट सर्व्हिसची रेषा नेटपासून १.९८ मीटरवर असते; मागून सात्त्विक मारत असताना चिराग त्या रेषेच्या आसपास, कधी तिच्याही पाऊलभर मागे असतो. रॅकेटचे डोके नेटच्या पट्टीहून वर, कोपर अंगापासून सुटे, आणि शटल समोरच्याच्या रॅकेटला लागायच्या क्षणी दोन्ही पायांवर छोटीशी उडी. आपल्याकडची मुले पुढे गेली की नेटला नाक लावतात आणि रॅकेट गुडघ्याशी सोडतात. मग खांद्यावरून जाणारे सपाट शटल हातात येत नाही, मागचा जोडीदार त्यासाठी पुढे धावतो, आणि पुढच्याच फटक्यावर दोघेही पुढे, मागे मोकळे मैदान.

डबल्समधले बहुतेक गुण सर्व्हिस, तिचा परतीचा फटका आणि तिसरा फटका एवढ्यात ठरतात. बॅकहँडने केलेली आखूड सर्व्हिस नेटच्या पट्टीवरून बोटभर गेली पाहिजे आणि पट्टी ओलांडल्यावर लगेच उतरली पाहिजे. ती वीतभर वर गेली की समोरचा पुढे झेपावून अंगावर मारतो. मुलांच्या सर्व्हिस उंच जाण्याचे कारण बहुतेक वेळा मनगट हे असते. शटल पिसांच्या टोकाला हलके धरायचे, रॅकेटचा मागचा झोका चार-सहा इंचांचाच ठेवायचा आणि मनगट न झटकता पुढे ढकलायचे. सर्व्हिस झाली की पाय मागे घ्यायचा नाही. रॅकेट वर करून तिथेच, किंबहुना अर्धे पाऊल पुढे. समोरच्याने नेटजवळ ठेवले तर ते सर्व्हिस करणाऱ्याचे, त्यापलीकडचे सगळे जोडीदाराचे. जोडीदार मधल्या रेषेवर दोन्ही बाजूंना पाय टाकून, सर्व्हिस करणाऱ्याच्या रॅकेटभर मागे उभा हवा. आपल्याकडे तो थेट मागच्या रेषेवर जाऊन उभा असतो, आणि मधल्या पट्ट्यात टाकलेला अर्धवट पुश (नुसता ढकललेला फटका) हा जिल्हा पातळीवर हमखास गुण देणारा फटका होऊन बसतो.

सरावात मुलाला रोज तीस-चाळीस शटल नुसत्या सर्व्हिसला द्यावीत, आणि नेटच्या पट्टीपासून वर वीतभर अंतरावर एक सुतळी बांधून मधल्या फटीतून जाणारी तेवढीच मोजावीत. पहिल्या आठवड्यात चाळीसातली दहा गेली तरी पुष्कळ झाली.

दुसरी जागा म्हणजे दोघांच्या मधोमध. शटल उचलून दिले की जोडी शेजारी-शेजारी होते, आणि मारणारा हमखास मध्ये मारतो. दोघेही उजव्या हाताचे असले, तर डावीकडच्याचा फोरहँड मध्ये येतो, म्हणून काही जोड्या मधले शटल त्याला देतात. काही जोड्या मारणाऱ्याच्या तिरक्या समोर असलेल्याला देतात. दोन्ही पद्धती चालतात. न चालणारी तिसरी पद्धत आपल्या हॉलमध्ये रोज दिसते: 'तू घे' म्हणून दोघे एकमेकांकडे बघतात आणि शटल मध्ये पडते. हे सामन्यात ठरवता येत नाही, जोडी महिनोन्महिने एकत्र खेळली तरच अंगवळणी पडते.

निकालांकडे या नजरेने बघितले तर वेगळेच काही दिसते. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०१९ मध्ये थायलंड ओपन, अंतिम सामन्यात त्या वेळचे जगज्जेते, चीनचे ली जुनहुई आणि लिऊ युचेन २१-१९, १८-२१, २१-१८ असे हरले. नंतर टोकियो ऑलिम्पिक. गटात या जोडीने तीनपैकी दोन सामने जिंकले, तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांना २१-१६, १६-२१, २७-२५ असे हरवले, आणि तरीही ती बाहेर पडली. गटातल्या तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले, मग गेमचा फरक मोजला गेला. इंडोनेशियाची जोडी ५ जिंकून २ हरली, तैवानची ५ जिंकून ३, आपली ४ जिंकून ३. एका गेमने गेले. हरवलेल्या त्याच तैवानी जोडीने पुढे सुवर्णपदक घेतले. तालुका स्पर्धांत साखळी सामने लावणाऱ्या मंडळांनी हे गणित भिंतीवर लिहून ठेवावे; 'सामना गेलाच आहे' म्हणून दुसरा गेम सोडून देणारी पोरे दर वर्षी दिसतात.

मलेशियाचे आरोन चिया आणि सोह वूई यिक यांच्याशी पहिले आठही सामने ते हरले. त्यातला एक तर २०२२ च्या जागतिक स्पर्धेची उपांत्य फेरी होता, २२-२०, १८-२१, १६-२१. त्या वेळी कांस्यावर थांबावे लागले. नववा सामना जून २०२३ मध्ये, इंडोनेशिया ओपनच्या अंतिम फेरीत: २१-१७, २१-१८. त्याच वर्षी दुबईत आशियाई अजिंक्यपद, १९६५ च्या दिनेश खन्नांनंतर भारताचे पहिले सुवर्ण. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धेत बॅडमिंटनमधले भारताचे पहिलेवहिले सुवर्ण, आणि तीन दिवसांनी जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा तीच मलेशियन जोडी आणि २१-१३, १४-२१, १६-२१ अशी हार. तिथेच, पॅरिसमध्ये, २०२५ च्या जागतिक स्पर्धेत त्याच जोडीला सरळ दोन गेममध्ये हरवून पुन्हा कांस्य. मधल्या काळात प्रशिक्षक बदलले: डेन्मार्कचे माथियास बो आले, पॅरिस ऑलिम्पिकनंतर ते गेले, मग तान परतले. जोडी मात्र बदलली नाही. आपल्या जिल्ह्यात दोन सामने हरल्यावर पालकच जोडीदार बदलून मागतात.

थॉमस करंडकाचे, म्हणजे पुरुषांच्या सांघिक जागतिक स्पर्धेचे, तर सांगायलाच हवे. मे २०२२, बँकॉक. त्या स्पर्धेची लढत पाच सामन्यांची असते: तीन एकेरी, दोन दुहेरी. भारताकडे एकेरीचे खेळाडू पूर्वीही होते. प्रकाश पडुकोण होते, गोपीचंद होते. दुहेरीचा हक्काचा गुण नव्हता. अंतिम फेरीत इंडोनेशियाविरुद्ध हा गुण या जोडीने मोहम्मद अहसान आणि केविन संजया सुकामुल्जो यांच्याकडून १८-२१, २३-२१, २१-१९ असा ओढून आणला आणि लढत २-० झाली. दुहेरीत आपली परंपरा अगदीच कोरी नव्हती. १९८२ च्या दिल्ली आशियाईत प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी पुरुष दुहेरीत कांस्य मिळवले होते, २०११ मध्ये ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी जागतिक स्पर्धेत. पण ही पदके सुटी-सुटी राहिली. ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनची पाच सुवर्णे असतात आणि त्यातली तीन दुहेरीची आहेत, एवढी साधी बेरीज आपल्या वेळापत्रकांत कधी उतरली नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. पावसाळ्याचे चार महिने मैदाने चिखलात असतात आणि हॉल भरतात, त्यामुळे बॅडमिंटन इथे वाढायला हरकत नाही. अडचण सांगतात ती छपराची. बरेचसे हॉल मंगल कार्यालयाच्या मापाने बांधलेले, वर पत्रा, लोखंडी कैच्या पंचवीस फुटांच्याही खाली. मोठ्या स्पर्धांना बारा मीटर उंची लागते. अशा हॉलमध्ये एकेरीचा उंच लॉब कैचीला लागतो आणि नियमाप्रमाणे छताला लागलेले शटल म्हणजे फॉल्ट. (इमारतीच्या रचनेमुळे अडथळा असेल तर स्थानिक संघटना त्यापुरता वेगळा नियम करू शकते. पण तो स्पर्धेआधी जाहीर हवा, वाद झाल्यावर नव्हे.) आमचे म्हणणे असे की बुटक्या छपराचा हॉल एकेरीला वाईट असला तरी दुहेरीच्या निम्म्या शिक्षणाला उत्तम आहे. सर्व्हिस, परतीचा फटका, ड्राइव्ह, मधला पुश, नेटवरची झडप यांतल्या कशालाच उंची लागत नाही. बचावातला उंच लिफ्ट तेवढा शिकायचा राहतो, त्यासाठी महिन्यातून दोनदा मुलांना मोठ्या हॉलमध्ये न्यावे.

आहे त्या हॉलची मांडणी मात्र एकेरीच्या हिशेबाने झालेली असते. दुहेरीचे कोर्ट ६.१० मीटर रुंद. एकेरीपेक्षा प्रत्येक बाजूला ४६ सेंटिमीटर जास्त. बऱ्याच ठिकाणी याच पट्टीवर बाके, पिशव्या, छत्र्या आणि ओल्या चपला असतात. मॅटच्या पट्ट्यांची टोकेही तिथेच संपतात. पावसाळ्यात खालच्या लादीतून ओल वर येते, मॅटची कड बोटभर उचलली जाते, आणि बचावात आडवा पाय टाकणाऱ्या खेळाडूचा घोटा तिथे मुरगळतो. कड रोज सकाळी हाताने चाचपून बघावी, उचललेली असेल तर मॅट गुंडाळून खालची लादी कोरडी करावी, मग चिकटपट्टी लावावी. ओल्यावर लावलेली पट्टी दुपारपर्यंत सुटते. फरशी ओल्या पोछाने पुसणे जुलै-ऑगस्टमध्ये बंदच करावे.

भिंतींचेही तेच. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर पांढरे शटल हरवते, आणि दुहेरीत ड्राइव्हला वेळ मुळातच कमी. कोर्टाच्या दोन्ही टोकांच्या भिंतींना पंधरा फुटांपर्यंत गडद हिरवा रंग मारला की काम भागते. न गिलावा केलेली जांभ्याची भिंत असेल तर तिला हात लावू नये, तिच्यावर शटल स्वच्छ दिसते. दिवे कोर्टाच्या डोक्यावर न लावता दोन्ही बाजूंना, लांबीच्या रेषेत लावावेत. दुपारनंतर खारा वारा सुटतो तेव्हा पश्चिमेच्या झडपा बंद ठेवाव्यात, नाहीतर एका बाजूची सर्व्हिस तरंगते आणि दुसऱ्या बाजूची नेटमध्ये जाते.

शटल निवडताना मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोराने फटका मारून बघावा. ते समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर आत पडले तर वेग बरोबर. उन्हाळ्यात हवा विरळ होते आणि तेच शटल बाहेर जाऊ लागते, तेव्हा ७७ ऐवजी ७६ नंबर (कमी वेगाचे शटल) घ्यावा. सामन्यात पिसांची टोके वाकवून वेग कमी करणे हा गैरप्रकार आहे. आपल्याकडे तो पंचांसमोर सर्रास चालतो. पावसाळ्यात शटलचे बॅरल (नळकांडे) झाकण लावून, जमिनीपासून वर ठेवावे. बुरशी लागू नये म्हणून कपाटात बल्ब पेटता ठेवणारे भेटतात, पण त्याने पिसे ठिसूळ होऊन दोन स्मॅशमध्ये तुटतात.

सर्व्हिसच्या उंचीवरून होणारी भांडणे तर सहज मिटण्यासारखी आहेत. २०१८ पासून कमरेचा जुना निकष गेला. फटका बसतानाच्या क्षणी संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या, म्हणजे तीन फूट सव्वानऊ इंचांच्या, खाली हवे. उंच मुलाला आणि बुटक्या मुलाला एकच माप. हे मोजायचे साधन गावात बनते: रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून पीव्हीसी पाइप उभा करायचा, त्यावर पारदर्शक अॅक्रिलिकच्या दोन पट्ट्या पुढे-मागे वीतभर अंतरावर बसवायच्या, दोन्हींवर नेमक्या १.१५ मीटरवर काळी रेघ. सर्व्हिस जजने खुर्चीची उंची अशी घ्यायची की दोन्ही रेघा एकावर एक येतील. रेघा दोन दिसत असतील तर डोळा वर किंवा खाली आहे, आणि निर्णय चुकणार.

गुणांची नोंद ठेवतानाही एक चूक ठरलेली आहे. सर्व्हिस करणाऱ्या बाजूचा गुण सम असेल तर उजवीकडून, विषम असेल तर डावीकडून सर्व्हिस. आणि स्वतःच्या सर्व्हिसवर गुण मिळाल्याशिवाय खेळाडूंनी बाजू बदलायची नाही. जोड्या गोंधळून भलत्या बाजूला उभ्या राहतात, तीन-चार गुण होतात, मग कुणाच्या तरी लक्षात येते आणि आपले पंच ते गुण रद्द करतात. नियम तसा नाही. चूक दुरुस्त करायची, झालेला स्कोअर तसाच राहतो.

शेवटची तक्रार वेळेची. स्पर्धा कोणतीही असो, सकाळी नऊला एकेरी सुरू होते आणि डबल्स एकेरीच्या अंतिम फेरीनंतर, म्हणजे रात्री नऊ-दहाला. तोवर बॅरल संपत आलेले, पंच थकलेले, परतीची शेवटची एसटी गाठायची; म्हणून एकवीसचे गुण अकरावर येतात, तीनऐवजी एकच गेम. प्रवेशिकेच्या टेबलावरचा संवाद ठरलेला: 'जोडीदार कोण?' 'बघतो, सिंगल्समध्ये कोण हरतोय ते.' अशा डबल्समधून कोणाचीही निवड करण्यात अर्थ नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या आयोजकांना आपल्या वृत्तपत्रातून विनंती अशी: दोन दिवसांच्या स्पर्धेत दुसऱ्या दिवशीची सकाळ पूर्ण डबल्सला द्या, एकवीसचे तीन गेम पूर्ण खेळवा, जोड्यांची नावे आठ दिवस आधी घ्या आणि नंतर बदलू देऊ नका. दोन तालुक्यांतल्या मुलांना एकत्र जोडी करायची मुभा असावी. अमलापुरम आणि गोरेगाव यांतले अंतर चिपळूण-कुडाळपेक्षा बरेच जास्त आहे. आणि आपल्याकडे एक मागणी: निकाल छापताना एकेरीच्या विजेत्याचा फोटो आणि डबल्सची एक ओळ, त्यातही एकाच खेळाडूचे नाव, असे होते. दोन्ही नावे छापावीत.

आपले,
बॅडमिंटनचे काही प्रशिक्षक व पंच,
रत्नागिरी